केसपेपरवरचा माणूस वर्गात शिकवायला उभा राहिला तर?

ताणाबाणा (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा माझा दुसराच धागा, पहिला यंत्रमागाच्या वीजबिलावर होता आणि तो चार प्रतिसादात वारला, तेव्हा सांभाळून घ्या.

मला बायपोलर आहे (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा आजार), २००३ पासून. त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे. दोनदा अॅडमिट होतो, शेवटचं २०११ ला. एका सूत व्यापाऱ्याकडं हिशेब लिहितो, नोकरी टिकून आहे, लग्न टिकून आहे (हे बायकोचं कर्तृत्व).

तर झालं असं की मागच्या महिन्यात १० ऑक्टोबरला, म्हणजे मानसिक आरोग्य दिनाला, एका नर्सिंग कॉलेजनं बोलावलं. नाव लिहीत नाही. ओळखीच्या ओळखीतनं फोन आला की तुमचा अनुभव सांगा, मुलींना प्रेरणा मिळेल. गेलो. रांगोळी, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले ताणतणाव आणि मोबाइलवर, मग माझी बारा मिनिटं. मी आपलं सांगितलं, झोप कशी उडाली, दुकानातल्या पैशातनं सहा सायकली कशा घेतल्या, मग वर्षभर कसा भिंतीकडं तोंड करून पडलो. दोन मुली रडल्या. शाल, श्रीफळ. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अशा दुर्धर आजारावर मात करून..." मी मनात म्हटलं मात कसली, रात्री नऊला गोळी आहे माझी.

वाईट कुणीच वागलं नाही. नारळाची बायकोनं चटणी केली.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. स्कूटर काढत होतो तर एक मुलगी पळत आली, म्हणाली काका एक विचारू का, राग मानू नका, चहा घेताना तुमचा कप बशीवर वाजत होता, हात कशानं थरथरतो? वर तासभरात एकाही माणसाला हे विचारावंसं वाटलं नव्हतं. मी सांगितलं लिथियमनं, थोडा कंप बहुतेकांना असतो, त्याचं काही नाही, पण तो एकदम वाढला तर मात्र घाबरायचं. कसं कळतं म्हणाली. मग तिला वारीची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो.

माउलींच्या पालखीबरोबर चाललो होतो, फलटण मागं पडलं होतं. दोन दिवस जुलाब. गुडघा दुखत होता म्हणून मेडिकलातनं दुखायच्या गोळ्या घेतलेल्या, दिवसाला तीन. पाणी कमी, कारण पाणी प्यालं की शौचाला जागा शोधायची. तिसऱ्या दिवशी पाय भलतीकडंच पडायला लागले, जीभ जड, हात असा हलायचा की टाळ आपोआप वाजायचा. दिंडीतल्या लोकांना वाटलं हा पिऊन आला. माळकरी माणसावर ही वेळ. एका वैद्यकीय तंबूत नेलं तिथंही आधी तोंडाचा वास घेतला. खिशातली गोळ्यांची पट्टी एका पोरसवदा सिस्टरनं बघितली म्हणून पुढं मोठ्या दवाखान्यात हलवलं. रक्तात लिथियम निघालं २.१. माझं एरवी ०.७ असतंय.

ती पोरगी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होती. जुलाब, उलट्या, ऊन, उपवास, दुखायच्या गोळ्या, सगळ्यानं लिथियम रक्तात साठतं. ती म्हणाली पुस्तकात "डिहायड्रेशन" एवढा एकच शब्द आहे.

स्टेजवर बारा मिनिटं आणि पार्किंगमधे दहा. मला विचाराल तर शिकवणं फक्त पार्किंगमधे झालं. आम्हाला गोष्ट सांगायला बोलावतात, रडवायला म्हणा. आमच्याकडं जी माहिती आहे ती कुणाला नकोच आहे की काय? तुमच्यापैकी कुणी शिकवणारे, शिकणारे, डॉक्टर, आमच्यासारखे असाल तर लिहा.

---

गवती_चहा

वाचतेय. सहा सायकली!! 😄 पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

ट्युटरबाई

मी नर्सिंगला मानसोपचार शिकवते (तुम्ही गेलात ते कॉलेज नव्हे, पण शाल-श्रीफळ आमच्याकडेही सेम). एक गोष्ट कबूल करते. आमच्या मुली पोस्टिंगला मनोरुग्णालयात जातात. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पूर्वापार चारच, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी, त्यामुळे लांबून बस करून न्यायचं, काही आठवडे राहायचं. तिथे त्यांना कोण दिसतं? एकतर आत्ताच आणलेला, ओरडणारा, नाहीतर वीस वर्षं आत असलेला ज्याला न्यायला कुणी येत नाही. जो बरा होऊन इचलकरंजीत हिशेब लिहितोय तो दिसतच नाही कारण तो वॉर्डात नसतो. मुली परत येतात ते पक्कं करून की हे लोक कधीच बरे होत नाहीत. पोस्टिंगआधी सहानुभूती असते, नंतर भीती. मी हे दरवर्षी बघते आणि दरवर्षी फाइल पूर्ण करून घेते.

तुमचा धागा प्रिंट काढून ठेवणार आहे, चालेल का?

---

ताणाबाणा

चालेल की मॅडम. फक्त सायकलीचा आकडा खोडा, बायको वाचेल. तिला चारच माहीत आहेत.

---

पांढरा_कोट

मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस. थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

एक, ताणाबाणा यांचा अनुभव उत्तम, पण तो एका माणसाचा. पुढचा वक्ता उभा राहून म्हणेल मी गोळ्या सोडल्या आणि ध्यानानं बरा झालो. माझ्या समोर घडलंय हे, एका शिबिरात, आणि नंतर त्या श्रोत्यांतले दोन पेशंट औषध बंद करून माझ्याकडे परत आले, एक पोलिसांच्या गाडीतून. दोन, जाहीर बोलल्यावर त्या माणसाला रात्री झोप लागली का हे आयोजक बघतात का? मॅनियाच्या (अति उत्साहाच्या झटक्याच्या) उंबरठ्यावर असलेल्या माणसाला टाळ्या ही वाईट गोष्ट आहे. तीन, बोलायला तेच येतात ज्यांना बोलता येतं.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल डॉक्टर लोक असेच. मानसिक आजाराचा कलंक कमी करायला काय चालतं यावर पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मधे ७२ अभ्यास एकत्र करून बघितले होते, १४ देश, ३८ हजारांवर माणसं. मोठ्या माणसांच्या बाबतीत नुसत्या माहितीपेक्षा आजारातून गेलेल्या माणसाशी गाठ पडणं जास्त उपयोगी ठरलं, आणि व्हिडिओपेक्षा समोरासमोर. गंमत म्हणजे किशोरवयीन मुलांत उलटं, तिथे माहिती जास्त चालली. म्हणून कुणी उद्या सगळ्या शाळांमधून असे कार्यक्रम लावायला निघालं तर जरा थांबा.

---

फाटक्यात_पाय

म्हणजे आता डायबेटिसवाल्यांनी पण एमडीला शिकवायचं का? उद्या पेशंटच ऑपरेशन करतील.

---

तिसरा_बाक

@फाटक्यात_पाय, इन्सुलिनचं इंजेक्शन पोटात एकाच जागी परत परत टोचलं की गाठ येते हे मला एका आजींनी शिकवलं, सरांनी नाही. तर हो.

एमबीबीएस करतोय. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात एटकॉम नावाचा भाग आहे, वागणूक-नीती-संवाद असा. पेशंटशी कसं बोलायचं हे आम्ही एकमेकांना पेशंट करून शिकतो. मागच्या वेळी माझा रूममेट डिप्रेशनचा पेशंट झाला होता आणि मधेच त्याला हसू आलं, सगळा वर्ग हसला. नंतर कळलं वर्गातली एक मुलगी खरंच गोळ्या घेते. ती पण हसली होती. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

---

कोरडा_पाऊस

१४ वर्षं दारूचा थेंब नाही. मला या चर्चेचं नवल वाटतंय कारण आमच्या बाजूला हे कधीच जुनं झालंय. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला सुरू झालं, डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट, पुलं-सुनीताबाईंची मदत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे समुपदेशन करणारे बरेचसे स्वतःच व्यसनातून बाहेर आलेले. मी दाखल झालो तेव्हा समोरच्या माणसाला खोटं सांगायला लागलो की मी फक्त शनिवारी पितो, तो नुसता हसला, म्हणाला बाटली टाकीत ठेवायचास का माळ्यावर. खेळ खलास. ते डॉक्टरला कितीही पुस्तकं वाचून जमलं नसतं. एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस) च्या मीटिंगमधे तर सगळेच पेशंट आणि सगळेच मास्तर.

मग मला प्रश्न पडतो की बेवड्याचं ऐकतात आणि मानसिक आजारवाल्याचं का नाही. मला वाटतं बेवडा सुधारला की लोक म्हणतात डोकं ठिकाणावर आलं, आता याचं बोलणं खरं. ताणाबाणांच्या बाबतीत लोक कायम एक डोळा ठेवून असतात की हे आत्ता "तो" बोलतोय का "आजार" बोलतोय.

---

ताणाबाणा

@कोरडा_पाऊस अगदी वर्मावर बोट ठेवलंत. माझ्या २०११ च्या केसपेपरवर लिहिलंय "इनसाइट: निल". मला आजार आहे हे मला कळत नाही असा त्याचा अर्थ. मी तेव्हा भांडत होतो हे खरं, पण कशावर, तर मला आधी ज्या गोळीनं मान वाकडी झाली होती तीच परत देत होते आणि ते सांगितलेलं कुणी ऐकेना. मान परत वाकडी झाली. तो कागद लॅमिनेट करून ठेवलाय.

@पांढरा_कोट डॉक्टरसाहेब, तुमचे तिन्ही मुद्दे मान्य. दुसऱ्याबद्दल सांगायचं तर त्या रात्री मी दोनपर्यंत जागाच होतो. बायकोनं दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी टाकायला लावली. कॉलेजकडनं फोन आला तो फोटो पाठवायला.

---

लीड्सकर

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमधून, मेंटल हेल्थ नर्स. इकडे नर्सिंग कौन्सिलच्या नियमातच आहे की कोर्स ठरवताना, मुलांची निवड करताना, शिकवताना सेवा घेणारे लोक सहभागी पाहिजेत, विद्यापीठाला ते दाखवावं लागतं. माझ्या प्रवेशाच्या मुलाखतीला तिघं होते, त्यातल्या एक बाई स्वतः अनेकदा वॉर्डात राहिलेल्या. त्यांनी एकच विचारलं, "रात्री तीनला मी रडतेय आणि तुझी शिफ्ट संपायला पाच तास आहेत, काय करशील?" मी सांगलीच्या पोरीसारखं उत्तर दिलं, चहा करीन म्हणून. त्यांनी खूण केली कागदावर. अजून वाटतं अॅडमिशन चहामुळे झाली.

पण इकडे सगळं गोडगोड आहे असं नाही. सगळीकडे तीच चार माणसं बोलावली जातात. मानधन देतात, पण ज्याला सरकारी भत्ता मिळतो त्याला मानधन घेतलं तर भत्त्यावर परिणाम होईल का ही धास्ती. आणि नियम आहे म्हणून टिक मारायला बोलावणं इकडेही चालतं, फक्त नारळ नसतो.

---

वऱ्हाडी_माय

माझं कोणी वाचेल का माहीत नाही. माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे, स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमाचा आजार. तो काही स्टेजवर जाऊन नाही बोलणार कधी. घरातही दिवसाला दहा वाक्यं. तुम्ही सगळे छान लिहिता, बोलता, पण माझ्या पोराचं कोण सांगेल? बोलका पेशंटच पाहिजे सगळ्यांना.

एक प्रसंग सांगते. दवाखान्यात शिकणाऱ्या पोरी होत्या, एकीनं फॉर्म घेऊन त्याला विचारलं, आज वार कोणता, आपण कुठं आहोत, पंतप्रधान कोण. तो गप्प. तिनं तीनदा विचारलं, जोरात, जसं ऐकू येत नाही त्याला. लिहिलं असेल काहीतरी. परत येताना रिक्षात बसलो आणि अर्ध्या रस्त्यात तो म्हणे "बुधवार". मग थोड्या वेळानं म्हणे "लहान पोराला विचारतात तसं विचारून राहिली होती."

---

ट्युटरबाई

माय, मी वाचलं. दोनदा वाचलं. ते प्रश्न मीच शिकवते, याच क्रमानं. हा प्रसंग वर्गात सांगू का?

---

लीड्सकर

माय, लहान तोंडी मोठा घास, पण मुलाला विचारलंत का इथे लिहिण्याआधी? टोचून बोलत नाही. आम्हाला सगळ्यात जास्त हेच बजावतात, घरच्यांचा अनुभव घरच्यांचा, आणि त्याचा त्याचा. दोन्ही खरे पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

---

पांढरा_कोट

कायद्यानं तो फरक केलाय, बरं का. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २९ मे २०१८ पासून लागू. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आजार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या लोकांचे दोन प्रतिनिधी, काळजी घेणाऱ्यांचे दोन, संस्थांचे दोन, असे वेगवेगळे मोजलेत. वर्गात मात्र एकही खुर्ची नाही, हे ताणाबाणा यांचं म्हणणं बरोबरच आहे.

आणि माझं एक. २२ वर्षं लिथियम लिहितोय. पाणी भरपूर प्या, तीन-चार महिन्यांनी रक्त तपासा, हे तोंडपाठ. वारीला जाता का, अळणी उपवास करता का, हे आजपर्यंत एकाही पेशंटला विचारलेलं नाही. काल दिवसभर विचारलं. लिथियमवरचे नऊ पेशंट आले, त्यातल्या तिघी श्रावणात मीठ सोडतात. मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते, हे मला एमडीच्या पहिल्या वर्षापासून येतं!

---

गवती_चहा

डॉक्टर, तुमच्या प्रतिसादाला +१०००. धागा वाचनखुणेत टाकला.

---

कोरडा_पाऊस

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ ला सुरू केलेली, त्यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता. म्हणजे घरच्यांनी उभी केलेली संस्था. व्यसनाच्या बाजूला पण असंच आहे, बायकांचा गट वेगळा बसतो, मुक्तांगणच्या "सहचरी"त माझी बायको जायची आणि तिथे काय बोलायची ते मला अजून माहीत नाही. चांगलंच आहे.

---

तिसरा_बाक

नेपाळमधे चितवनला एक प्रयोग झालाय तो कुणी वाचलाय का? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात बरे झालेले पेशंट सहशिक्षक म्हणून घेतले. पण थेट उभं केलं नाही, आधी त्यांना कॅमेरे दिले, स्वतःच्या आयुष्यातले फोटो काढा, त्यावरून काय सांगायचं आणि काय नाही सांगायचं ते त्यांनी ठरवायचं, मग बोलायचा सराव. मला तो "काय नाही सांगायचं" भाग आवडला. ताणाबाणा काका, तुम्हाला कुणी तयारीला वेळ दिला होता का?

---

ताणाबाणा

आदल्या दिवशी व्हॉट्सअॅप आला होता, "पांढरा शर्ट घाला".

---

वऱ्हाडी_माय

@लीड्सकर ताई, तुमचं वाचून आधी राग आला मला. एकतीस वर्षं मी करून राहिले आणि हे कोण विचारणारे. मग रात्री जेवताना विचारलंच त्याला. मी म्हटलं तू वार सांगितला होता ना ते मी एका ठिकाणी लिहिलं, तुझं नाव नाही टाकलं, आता एक मॅडम पोरींना सांगू का म्हणतात. तो जेवत राहिला. ताट धुवून ठेवलं आणि म्हणे, "सांगू दे. पण रिक्षा नव्हती. बस होती, आणि तुला खिडकी पाहिजे होती म्हणून मी उभा होतो."

मला अजिबात आठवत नव्हतं.

---

लीड्सकर

🙏

---

ट्युटरबाई

अपडेट देते. प्राचार्यांशी बोलले. त्यांचा पहिला प्रश्न "काही झालं तर जबाबदारी कोणाची", दुसरा "मानधन कोणत्या हेडखाली". पहिल्याचं उत्तर मी दिलं की मागच्या वर्षी हृदयरोगावर बोलायला आलेल्या पाहुण्यांचं काही झालं असतं तर ज्याची होती त्याचीच. दुसऱ्याचं उत्तर अजून क्लार्क शोधतायत, अतिथी व्याख्यात्याला देतो तेवढंच द्यायचं असा मी हट्ट धरलाय, "पेशंट" असं हेड नाहीये आणि असू पण नये.

कार्यक्रम नाही, तास आहे. बुधवारी दुपारी दोन ते चार, तीस मुली, माइक नाही. पोस्टिंगला जायच्या आधी. ताणाबाणा, तुम्ही यायचं. काय शिकवायचं ते तुम्ही ठरवायचं, मी फक्त मागे बसणार. दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करणार झोपेचं विचारायला, फोटोसाठी नाही.

बसचा प्रसंगही सांगणार, रिक्षा काढून. आणि प्रॅक्टिकलच्या तोंडीसाठी तुमच्याकडून एक प्रश्न हवाय. उत्तरासकट.

---

ताणाबाणा

मॅडम, येतो. पण बुधवारी सकाळी माझी रक्त तपासणी आहे, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं म्हणजे नऊला, ते देऊनच निघतो. मुलींना हे पण सांगता येईल की "रक्त तपासून या" एवढं म्हणून चालत नाही, किती वाजता ते सांगायला लागतं. मी पहिली दोन वर्षं सकाळची गोळी खाऊन जात होतो आणि रिपोर्टमधे लिथियम वाढलेलं दिसायचं म्हणून डॉक्टर डोस कमी करत होते.

प्रश्न असा: लिथियमवरच्या एक बाई म्हणतात, सिस्टर, माझे सोळा सोमवार चालू आहेत, मीठ खात नाही. काय सांगाल? "उपवास सोडा" म्हणणाऱ्या मुलीला शून्य. त्या बाई उपवास सोडणार नाहीत, सिस्टरला सांगायचं तेवढं सोडतील.

उत्तर लिहायला बसलो तर स्वतःच अडकलो. उपवासाला सैंधव चालतं म्हणतात, मग ते खाल्लं तर भागतं का? @पांढरा_कोट?

---

पांढरा_कोट

भागतं. सैंधवही मीठच, सोडियमच आहे त्यात. रोज घेता तेवढंच घ्यायचं आणि पाणी कमी करायचं नाही. निर्जळी असेल तर मात्र आधी मला फोन.

हे मी माझ्या चिठ्ठीच्या मागे छापून घेतोय, मराठीत.

---

फाटक्यात_पाय

माझ्या आईला पण लिथियम आहे. चतुर्थीला ती काहीच खात नाही, पाणी पण चंद्र बघून. व्यनि (खाजगी निरोप) करू का डॉक्टर?

---

पांढरा_कोट

करा. आजच करा.